कात्रीबाहेरचं

केएमटीत एकतीस वर्षं तिकिटं फाडली
आणि घरी येऊन तिकिटं चिकटवली.
बायको म्हणायची, "ह्यांचा नाद खुळा,"
आणि चहा अल्बमपासून हातभर लांब ठेवायची.

टपालाची नव्हेत. करवीर संस्थानची,
कोर्टाची, पावत्यांची, आण्याची, आठ आण्याची,
हिरवी, विटकरी, एकच जांभळं.
त्या जांभळ्यापायी मी सायकल विकली.

लक्ष्मीपुरीत मेहबूब शिकलगारची रद्दी.
गठ्ठा सोडला की आधी वास यायचा
उंदरांचा, जुन्या हळदीचा,
मग कागद, आणि त्यावर मोडी,
ओळीला वाळत घातल्यागत लोंबणारी.
मला वाचता येत नव्हती. वाचायचीही नव्हती.
कात्री होती. तिकिटाच्या चार बाजू,
कर्र, कर्र,
उरलेला कागद परत त्याच्याच तराजूत.
मेहबूब हसायचा, "मास्तर, तुमचं म्हणजे
कोय घरला न्यायची आन् आंबा टाकून द्यायचा."

रिटायर झालो, दिवस खायला उठला.
जुना बुधवारात रविवारचा मोडीचा वर्ग,
शाळेची बाकं, माझे गुडघे मावेनात.
शेजारी प्रणोती सासने, वय एकोणीस,
माझी प्रत्येक वेलांटी तपासायची.

सातव्या रविवारी सरांनी एक दस्त दाखवला.
खाली सह्या. सह्यांच्या जागी चित्रं.
कुळवाड्याचा नांगर. वाण्याची तागडी.
आणि एक गोल, हातानं ओढलेला, जरा चेपका.
"निशाणी बांगडी," सर म्हणाले,
"बाईमाणसाची सही."

घरी आलो, चपला पायातच.
पान चौथं, नववं, बारावं.
तिकिटाच्या कोपऱ्यात शाईची ती कमान,
जिला मी कारकुनाचा फराटा समजलो,
"डाग आहे" म्हणून भाव पाडून घेतला,
अर्धी बांगडी.
अर्धी बांगडी.
एका ठिकाणी नखाएवढा तुकडा.

मोजल्या. तेवीस.
तेवीस बायकांचे हात मनगटात तोडलेले,
माझ्या कात्रीनं, अगदी सरळ रेषेत.

मेहबूबकडं गेलो. म्हणाला,
"एकोणीसच्या पुरात पोटमाळ्याला पाणी लागलं.
लगदा झाला, पाट्या भरभरून टाकला.
आता यायचं होय, मास्तर?"

पुढच्या महिन्यात प्रणोतीनं पिशवीतनं
वडणग्याच्या घरातला एक कागद काढला.
त्याला मधोमध चौकोनी खिडकी.
पणजोबांनी तिकीट कुणाला तरी विकलेलं म्हणे.
आम्ही दोघांनी बोट ठेवत वाचलं,
यसू कोम रावजी, मौजे वडणगे,
विहिरीचा चौथा हिस्सा, रुपये अकरा,
"आपले खुशीने लिहून दिला."
प्रणोती तिथं थांबली.
"खुशीनं?"
मी चष्मा पुसत बसलो.

खिडकीच्या कडेला शाईची कमान होती.
तेवीसच्या तेवीस लावून बघितल्या,
चिमट्यानं, श्वास धरून.
सतरावी जवळजवळ बसली.
जवळजवळ म्हणजे नाही.
यसूचं तिकीट दुसऱ्या कुणाच्या अल्बमात असेल,
माझ्यासारख्याच एखाद्या शहाण्याच्या.

आता मी कागद अख्खे आणतो.
कपाट पुरत नाही, कॉटखाली पेट्या,
एक तर देव्हाऱ्याच्या माळ्यावर.
कात्री बायकोनं कोथिंबिरीला घेतली.

काल रात्री ती स्वतःहून अल्बमापाशी बसली.
माझं भिंग उलटं-सुलटं करून बघितलं,
मग पान नववं, बराच वेळ.
जन्मभर दुसऱ्यांची पोलकी शिवलेली बाई,
धागा कुठनं कुठं गेलाय हे तिला दिसतं.
म्हणाली, "ही डावखुरी असणार.
टाक बघा, उलटीकडनं फिरलाय."

मी वाकलो.
आणि माझ्या कोपराजवळचा चहा
ह्या खेपेला मीच लांब सरकवला.